हिराजीनानांच्या गाडीतला नळ

आमच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा माणसांना मिळत नसे. ती पाण्याच्या कॅनना मिळे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रोह्याजवळ धाटावच्या एका रासायनिक कंपनीत लॅबमध्ये लागलो. राहायला पेणला. शिफ्ट सुटली की कंपनीची बस रोहा, नागोठणे, गडब करत पेणला यायची. बसमधले निम्मे लोक खारेपाटातले, म्हणजे पेणच्या खाडीकडच्या गावांतले. तिथे विहीर खणली तर पाणी खारट लागतं. पाइपलाइन आली म्हणून नारळ फुटलेले, पण पाइपातून हवाच जास्त यायची. म्हणून हे लोक शिफ्ट संपली की कॅन्टीनच्या नळावर पांढरे कॅन भरायचे आणि घरी न्यायचे. कंपनीने कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी मी रिकामी जागा पाहून बसायला गेलो, तर ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला, "ए लॅबवाले, तिथं पानी बसनार हाय."

"आणि मी?"

"तू उभा राहा. मानूस उभा राहतो. पानी उभा केला का सांडतो."

सगळी बस हसली. ते हिराजी म्हात्रे. सगळे त्यांना नाना म्हणत. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटपर्यंत मी लॅबवालाच राहिलो.

नाना उंच, हडकुळे, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. घरची मिठागरावरची माणसं. लहानपणी बापाबरोबर मीठ ओढलेलं, त्यामुळे पायाचे तळवे चिरलेले होते, ते तसेच राहिले. चप्पल घालून गाडी चालवत नसत. ब्रेक पायाला कळला पाहिजे, म्हणत. गाडी अशी चालवायचे की कॅनचं झाकण सैल असलं तरी थेंब बाहेर येत नसे. खड्डा आला की आधी बस जवळजवळ थांबवायची, एक चाक उतरवायचं, मग दुसरं. मागून ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या घालत जायचे. नाना खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना शांतपणे पुढे जायची खूण करायचे.

बोलायचे भरपूर. बढाई मारायची हौस होती. "आपल्या हाताखालनं गाडी गेली का तिचा इंजिन माझ्याशी बोलतो," असं रोज कुणाला तरी ऐकवायचे आणि महिन्यातून एकदा तीच गाडी वडखळच्या आधी बंद पडायची. मग खाली उतरून बॉनेट उघडून ते खरोखरच इंजिनशी बोलत, आणि जे बोलत ते इथे लिहिता येणार नाही. पण एका विषयावर त्यांची बढाई नसे. घरी दोन कॅन न्यायचे ते स्वतः उचलत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

त्याचं कारण मला फिटर ठाकूरने सांगितलं. ठाकूर नानांच्याच गावचा, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. नानांची बायको पार्वती गागोद्याच्या बाजूची, डोंगराकडची. तिच्या माहेरी दाराशी विहीर, वाल आणि भाताची शेती, वरून येणारा ओढा. तिकडचे लोक खारेपाटात मुलगी द्यायला तयार नसत. कोण देईल? मुलगी दिली की जन्मभर डोक्यावर हंडा. नानांना ती एका लग्नात दिसली, आणि ते एकटेच तिच्या बापाकडे जाऊन उभे राहिले. बाप म्हणाला, पोर देतो, पण पाण्यासाठी रडली असं माझ्या कानावर यायला नको. नाना म्हणाले, नाय येनार.

आणि मग ती इतकी वर्षं बांधावरून, चिखलातून, टँकरच्या मागे धावत पाणी भरत राहिली. माहेरी गेली की बापाला सांगायची, आमच्याकडे काय, दारात पाणी. म्हातारा लेकीच्या गावी फारसा आला नाही. आला तेव्हा घरातले सगळे हंडे भरलेले असायचे.

"नाना त्या म्हाताऱ्याला तोंड दाखवायला घाबरतो," ठाकूर म्हणाला. "बाकी कुनाला नाय घाबरत."

गाडीत नळ बसवायचं वेड आलं ते गडबला. एका सकाळी बस गडबच्या दुकानांपाशी थांबली होती. रस्त्याच्या कडेला एक परदेशी जोडपं आपली व्हॅन उभी करून बसलं होतं. गोव्याला निघालेलं, टायर पंक्चर. नाना मदतीला उतरले. आम्ही बसमधून पाहतोय, तर त्या बाईने व्हॅनचं मागचं दार उघडलं, आत एक छोटं बेसिन होतं, त्यावरचा नळ फिरवला आणि तोंड धुतलं. नाना हातातला पाना तसाच धरून बघत राहिले. शिफ्टला उशीर झाला. मग नागोठण्याच्या जवळ आल्यावर मागे न बघता म्हणाले,

"गाडीला नल हाय रं. आमच्या गावाला नाय, आन गाडीला हाय."

पुढे कंपनीने बसचं काम ठेकेदाराला दिलं. जुन्या ड्रायव्हरांना घरी बसवलं. नानांनी कॅन्टीनची भंगारात निघालेली मॅटॅडोर व्हॅन घेतली. सगळ्यांना वाटलं, वडाप करतील, पेण ते रोहा पॅसेंजर भरतील. नानांनी आतल्या सीटा काढून टाकल्या. एका बाजूला फळीचं बाकडं, त्यावर गादी. दुसऱ्या बाजूला स्टोव्हची जागा आणि बेसिन. पारूला घेऊन फिरायला जायचं होतं. कुठे, ते ठरलेलं नव्हतं. आधी गाडीत नळ पाहिजे, मग रस्ता.

नाना आता बस चालवत नव्हते, तरी सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघंतिघं त्यांच्या दारात जमायचो. पहिला प्रश्न टाकीचा. आमच्याकडे त्या काळी घरोघरी निळे ड्रम असायचे, धाटावच्या कंपन्यांतून रिकामे झालेले. साबणाने दोनदा धुतले की त्यात पिण्याचं पाणी. ठाकूर असाच एक ड्रम घेऊन आला. नानांनी तो पायानेच बाजूला सारला.

"ह्याच्यात काय होता, ते लॅबवाल्याला इचार. माझ्या गाडीत नाय चालनार."

त्यांनी रोह्याच्या एका वेल्डरकडून स्टीलची चौकोनी टाकी करून घेतली. आत आडव्या पट्ट्या बसवल्या, ब्रेक मारला की पाणी एकदम पुढे धावू नये म्हणून. ही कल्पना त्यांची स्वतःची, बसमधले कॅन इतकी वर्षं बघून आलेली. पंप म्हणजे शेतीच्या औषधफवारणीचा, पायाने दाबायचा, पेणच्या दुकानातून कोरा आणलेला, औषधाचा वासही न लागलेला. टाकीतून पारदर्शक नळी पंपात, पंपातून नळी वर बेसिनच्या पितळी नळाला. पहिल्यांदा दाबलं तर पाणी चढेना. पंप नुसता सुस्कारे टाकत होता. मग ठाकूरच्या ध्यानात आलं की टाकी घट्ट बंद आहे, आत हवा जायला वाटच नाही. टाकीच्या डोक्यावर एक बारीक नळी वाकवून लावली, तिच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. पुढच्या दाबाला नळ खाकरला आणि पाणी आलं.

नाना ओरडले, "पारू! ओ पारू! ये गो हिकडं!"

पारूवहिनी ओल्या हाताने बाहेर आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, हंड्याने मान थोडी खाली बसलेली. गाडीत चढल्या. पंपावर पाय ठेवला, नळ फिरवला. फिरवला म्हणजे किती, तर दोऱ्याइतकी धार आली. तिच्याखाली हात धरून उभ्या राहिल्या.

"सगला फिरव ना!" नाना म्हणाले.

"कनाला? दिसतंय की पानी."

"अगो, तुझा हाय. फिरव."

त्यांनी थोडा आणखी फिरवला आणि घाबरल्यासारखा लगेच बंद केला. मग खाली वाकून बेसिनचं पाणी कुठे जातं ते पाहिलं, घरात जाऊन पातेलं आणलं आणि त्या नळीखाली ठेवलं. नाना आमच्याकडे बघून म्हणाले, "बघ, म्हनजे मी नल केला तिला, आन ती त्याला पन हंडा लावनार." वहिनी हसल्या. तशा हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

वाद झाला तो एकाच गोष्टीवर. ठाकूर म्हणत होता, टाकीच्या तळाला एक भोक आणि बूच पाहिजे. मधूनमधून सगळं पाणी सोडून देऊन टाकी धुवायची. कंपनीत प्रत्येक टाकीला असतं.

नाना खवळले. "पान्याच्या टाकीला खालनं भोक? डोका फिरला काय तुझा? गोड पानी जमिनीवर सोडू?"

"नाना, साचलेलं पाणी खराब होतं," मी म्हणालो. हे माझं रोजचं काम होतं. कूलिंग टॉवरचं पाणी चार दिवस तसंच राहिलं तर त्यात काय होतं, ते मी काचेच्या नळीत रोज बघत होतो.

"ओ लॅबवाले, आमच्या घरात माझ्या आजीपासून रांजनाचा तळ कुनी बघितला नाय. वरनं भरत जायाचा. बिघडला काय आमचा?"

ठाकूर हसला. मीही हसलो. ते घरच्या रांजणाबद्दल खरं बोलत होते. तिथे रोज पाणी निघत होतं, रोज भरलं जात होतं. गाडीच्या टाकीत तसं होणार नाही, हे मला समजत होतं. मी पुन्हा बोललो नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला बरीच कारणं दिली. वयाने लहान होतो. त्यांचं घर, त्यांची गाडी. चहा आला होता. पण बोललो नाही हे खरं, आणि त्याला कारण नाही.

टाकी दिवाळीच्या सुमारास अर्धी भरली. निघायचं लगेच होतं, पण भात कापणीला आलं, मग पुतण्याचं लग्न निघालं, मग वहिनींचा गुडघा सुजला. गाडी दारात उभी. नाना महिन्याला एसटीने रोह्याहून दोन कॅन आणून टाकीत वरून ओतायचे. वहिनींनी गाडीतलं पाणी घरात वापरू दिलं नाही. "प्रवासाचा हाय तो," म्हणायच्या. पाणी तसंच राहिलं, आणि त्यावर नवं पाणी येत राहिलं.

उन्हं तापायला लागल्यावर एकदाचे निघाले. घाट चढून वर गेले, नदीकाठच्या देवळांपाशी उतरले, एका धरणाच्या भिंतीवरून चालले. परत आल्यावर नाना पेणच्या एसटी स्टँडवर मला मुद्दाम येऊन भेटले. तास दीड तास सांगत होते. वहिनी रोज सकाळी नळाखाली तोंड धुवायच्या, नळाशेजारी आरसा लावून घेतला होता. एका ढाब्यावर त्यांनी दुसऱ्या एका बाईला गाडीत बोलावून नळ दाखवला आणि तिला पाणी पाजलं. "अशी दाखवत होती का जशी काय बंगला." आणि नाना स्वतः वाटेत हातपंपाचं, ढाब्याचं पाणी प्यायले. टाकीतला थेंबही घेतला नाही.

"का?"

"तिचा पानी मी पिलो तर तिला पुरनार कसा?"

पंधरवडा झाला असेल. वहिनींचे डोळे पिवळे झाले. आधी गावठी औषध, मग पेणच्या दवाखान्यात. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, आणि नाना पायाशी बसले होते, टॉवेल डोक्यावरून खांद्यावर आलेला. डॉक्टर म्हणाले होते, कावीळ दूषित पाण्याने होते, बाहेर कुठे काय प्यायलात?

"ही काय बाहेरचा प्याली नाय," नाना मला हळू आवाजात म्हणाले. "गाडीतलाच."

मी म्हणालो, "ढाब्यावर जेवलात ना. उसाचा रस घेतला असेल. कशावरून पाणीच?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅबवाला होतो. पाण्याने झालं नाही, हे माझ्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं, पण माझा चेहरा पाहून त्यांचा विश्वास बसला नाही.

त्यांनी वाकून वहिनींना विचारलं, "पारू, गाडीतल्या पान्याला वास होता काय गो?"

त्या भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "होता जरासा."

"मंग बोलली का नायस?"

"तुमी भरलेला ना."

त्यापुढे त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. आठ दिवसांनी त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर नाना माझ्या घरी आले. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. "मना गागोद्याला जायाचा हाय. म्हाताऱ्याला सांगायचा हाय का माझ्या टाकीनं ती गेली. त्याला वाटतंय, नुसती कावीळ झाली. तू चल. तू पान्याचा मानूस. मी अडकलो तर तू सांग."

मी हो म्हणालो. आम्ही त्याच गाडीतून गेलो. आतली गादी काढलेली होती. टाकीही नव्हती; त्यांनी ती कापून बाहेर काढली होती आणि कुठे टाकली ते मी विचारलं नाही. बेसिन, नळ, पायाचा पंप आणि नळाशेजारचा आरसा तेवढा राहिला होता. बहुधा आरशाला हात लावायचा राहून गेला असावा. वाटेतले खड्डे नानांनी तसेच टाळले. एक चाक, मग दुसरं.

म्हातारा अंगणात वाल सोलत बसला होता. जावयाला पाहून उठला, आत जाऊन तांब्या घेऊन आला आणि स्वतः नानांच्या पायावर पाणी घालू लागला. नाना "बाबा, नको, नको" म्हणत मागे सरकले. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. चिरलेल्या तळव्यांवरून पाणी अंगणात वाहून गेलं.

मग बसलो. "बाबा," नाना म्हणाले, "मी तुमाला एक सांगायला आलोय. पारू जी गेली..."

म्हातारा मध्येच बोलला. "ती आलेली रे हिकडं. तुमी फिरून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. एसटीनं आली, दुपारपातूर बसली, गेली. मला सांगत होती, बाबा, माझ्या गाडीला नळ हाय. मी म्हनलो, खोटं बोलतेस. तर हसायला लागली. म्हनली, आतापातूर खोटं सांगितलं तुमाला, दारात पानी, दारात पानी. आता मात्र खरं सांगते." म्हाताऱ्याने हातातली शेंग खाली ठेवली. "हिराजी, मला सगळं ठावं होतं रे. खारेपाटात काय हाय, मी काय आंधळा? पन तू शेवटाला शब्द पुरा केलास. मी तिचा बाप सांगतोय."

नाना माझ्याकडे वळले. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. पण नानांनी मला त्यासाठीच नेलं होतं, आणि मी तिथे नुसता बसून राहिलो.

थोड्या वेळाने म्हातारा काठी घेऊन उठला. "मला तो नळ दाखव."

नाना जागचे हलेनात. म्हातारा स्वतःच गाडीत चढला. बेसिनपाशी गेला, आरशात स्वतःला पाहिलं, पितळी नळावरून बोट फिरवलं. पंप कुठे दाबायचा, ते मुलीने सांगितलं असावं. पायाने शोधून दाबला. नळ फिरवला. आधी थोडा, मग पूर्ण.

"पानी संपलं व्हय?"

"व्हय बाबा," नाना दारातून म्हणाले. "संपलं."

"असू दे." म्हाताऱ्याने नळ घट्ट बंद केला. मग वाकत वाकत पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला, काठी गुडघ्यांमध्ये धरली. "हितं बसायची ना ती? चल. मला जरा फिरव. कुठंपन."

नानांनी टॉवेलने तोंड पुसलं. चप्पल काढून खाली ठेवली आणि सीटवर बसले. मला ये म्हणाले नाहीत, आणि मीही चढलो नाही. गाडी अंगणातून बाहेर पडली, ओढ्याच्या उतारावर आली तशी जवळजवळ थांबली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक टॉवेल बांधलेलं, एक टोपी घातलेलं. म्हातारा हात बाहेर काढून काहीतरी दाखवत होता, विहीर असेल किंवा शेत. नाना मान हलवत होते. मग गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी अंगणात त्यांच्या चपलांजवळ संध्याकाळपर्यंत थांबलो. शेवटची एसटी चुकेल म्हणून निघालो, तोवर ते परतले नव्हते. पुढे माझी बदली गुजरातेत झाली. नानांना मी त्यानंतर पाहिलं नाही.